पाथची लायब्ररी आणि तळमजल्याचे शून्य

प्रश्न : मी परळला राहतो आणि घरपोच किराणा पोहोचवणाऱ्या एका लहान कंपनीत जावास्क्रिप्टचे काम करतो. आमच्या ऑर्डरच्या ऑब्जेक्टमध्ये ग्राहक, ग्राहकात पत्ता आणि पत्त्यात इमारत, विंग, मजला अशी माहिती एकात एक असते. मधला एखादा भाग आला नाही की 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड' ही एरर येऊन पान बंद पडत असे, म्हणून 'ग्राहक.पत्ता.मजला' असा पाथ (मूल्यापर्यंत नेणारी नावांची वाट) दिला की मूल्य काढून देणारे छोटे फंक्शन मी लिहिले. ते सोबत जोडले आहे. आता मजला भरलेला असूनही काही लेबलांवर 'मजला नोंदलेला नाही' असे छापले जाते. सहकारी म्हणतात, हे टाकून तयार लायब्ररी (इतरांनी लिहून ठेवलेला कोड) घ्या. काय करावे?

उत्तर : आपण फंक्शन पाठवलेत हे बरे केलेत, कारण चूक त्याच्या शेवटच्या ओळीत आहे. तेथे आपण 'मूल्य || पर्यायी' असे लिहिले आहे. दोन उभ्या रेघांचे हे चिन्ह डावीकडे शून्य, रिकामी स्ट्रिंग किंवा फॉल्स आले तरी उजवीकडचे मूल्य उचलते, आणि तळमजल्याची नोंद आपण 0 अशी करत असणार. म्हणजे ज्या ग्राहकाकडे जिना चढावाच लागत नाही, नेमके त्याच्याच लेबलावर मजला गायब होतो. त्या जागी '??' वापरा, ते फक्त नल (मुद्दाम कोरे ठेवलेले) किंवा अनडिफाइन्ड (मुळात मूल्यच नसलेले) असेल तेव्हाच पर्यायाकडे वळते.

आता लायब्ररीविषयी. 2020 च्या मानकापासून जावास्क्रिप्टमध्ये '?.' आणि '??' ही दोन्ही चिन्हे आली आहेत ('?.' च्या डावीकडे काही नसेल तर एरर न येता अनडिफाइन्ड मिळते), त्यामुळे 'ऑर्डर.ग्राहक.पत्ता?.मजला ?? पर्यायी' एवढी एक ओळ आपले काम करते. (जावास्क्रिप्टमध्ये नावे देवनागरीत ठेवता येतात, तेव्हा ही ओळ निव्वळ शोभेची नाही.) ग्राहकाच्या पुढे मी प्रश्नचिन्ह मुद्दामच घातलेले नाही. पत्ता राहून जाणे समजू शकते, पण ग्राहकच नसलेली ऑर्डर ही बिघडलेली ऑर्डर आहे आणि तिथे एरर आलेलीच बरी; दिसेल तिथे '?.' पेरत गेल्यास सर्व्हरची चूक झाकली जाते आणि कोरे लेबल घेऊन डिलिव्हरीवाला रस्त्यावर उभा राहतो. स्ट्रिंगमध्ये लिहिलेल्या पाथचाही हाच दोष आहे. उद्या आपण 'मजला' या प्रॉपर्टीचे नाव बदलले तर एडिटर बाकीचा कोड सुधारून देईल, अवतरणचिन्हांतला पाथ मात्र जुनाच राहील, आणि फंक्शन तक्रार न करता पर्यायी मूल्य देत राहील.

मग अशा लायब्ररीची गरज कधी पडते? पाथ कोड लिहिताना ठाऊक नसतो, तो कॉन्फिगरेशनमधून किंवा तक्त्याच्या रकान्याच्या व्याख्येतून येतो, तेव्हा. तिथे लोडॅश या लायब्ररीतले, पाथ देऊन मूल्य वाचणारे 'गेट' हे फंक्शन वापरण्यास हरकत नाही, पण त्याचे वागणे आधी समजून घ्या. त्याचे पर्यायी मूल्य फक्त अनडिफाइन्डसाठी असते, नलसाठी नाही. सर्व्हर ज्या स्वरूपात माहिती पाठवतो त्या जेसनमध्ये अनडिफाइन्ड नसतेच. न भरलेला विंग सर्व्हरने नल म्हणून पाठवला तर 'गेट' नलच परत देते आणि तो शब्द थेट लेबलावर छापला जाऊ शकतो.

दुसरी अडचण खास आपल्या शहराची आहे. वस्तीनिहाय ऑर्डरी मोजताना 'बी.डी.डी. चाळ' हीच की (ऑब्जेक्टमध्ये मूल्याला दिलेले नाव) झाली, तर टिंबावर तोडणारे फंक्शन तिचे चार तुकडे करते, आणि शेवटच्या 'चाळ' आधी एक मोकळी जागाही उरते. अशा वेळी पाथ स्ट्रिंगऐवजी ॲरेमध्ये (तुकड्यांच्या यादीत) द्या : ['वस्त्या', 'बी.डी.डी. चाळ', 'संख्या']. लोडॅश दोन्ही रूपे स्वीकारते. आपल्या फंक्शनलाही ते शिकवता येईल.

प्रश्न : पाथ देऊन मूल्य वाचण्याऐवजी लिहायचे असेल, आणि पाथ ग्राहकाने भरलेल्या फॉर्ममधून येत असेल, तर काही धोका आहे का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : आहे, आणि वाचण्यापेक्षा बराच मोठा. पाथमध्ये कोणी दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर असलेली 'प्रोटो' ही की घातली, तर लिहिणारे भाबडे फंक्शन आपल्या ऑब्जेक्टऐवजी सर्व ऑब्जेक्टच्या सामायिक प्रोटोटाइपवर (ज्याच्यातल्या प्रॉपर्टी सर्वांना आपोआप मिळतात त्या मूळ ऑब्जेक्टवर) मूल्य लिहून येते, आणि 'ॲडमिन : ट्रू' अशी एक प्रॉपर्टी प्रोग्राममधल्या जवळपास प्रत्येक ऑब्जेक्टला चिकटलेली दिसू लागते. याला प्रोटोटाइप पोल्यूशन म्हणतात. मुरलेल्या लायब्रऱ्याही यातून सुटल्या नाहीत : याच कामाच्या 'डॉट-प्रॉप' या छोट्या लायब्ररीतील ही त्रुटी सुरक्षा-त्रुटींच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-2020-8116 या क्रमांकाने नोंदली गेली आणि 5.1.1 व 4.2.1 या आवृत्त्यांत दुरुस्त झाली. तेव्हा आवृत्ती ताजी ठेवाच, पण 'प्रोटो', 'कन्स्ट्रक्टर' आणि 'प्रोटोटाइप' एवढ्या की अडवून थांबू नका. फॉर्ममधून जे पाथ येणे अपेक्षित आहे त्यांची यादी सर्व्हरवर ठेवा आणि आलेला पाथ तिच्यात अक्षरशः तसाच असेल तरच पुढे जाऊ द्या.