कण्यात गोळी लागल्यावर माणूस पुन्हा नोकरीवर जाऊ शकतो का?

तुम्ही लिहिलंय की भाऊ एसटीत वाहक आहे, लुटीच्या वेळी झाडलेली गोळी कण्यात लागली, आठ महिने झाले, कमरेखाली हालचाल नाही आणि त्याने राजीनामा लिहून ठेवलाय. त्याला परत कामावर जाता येईल का, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी तो राजीनामा त्याच्या उशाखालून काढून घ्या. स्वेच्छानिवृत्तीचा अर्जही देऊ नका. बाकीचं मग वाचा.

मी गडचिरोलीत पोलीस शिपाई होतो. चकमकीत पाठीतून शिरलेली गोळी डी-12 मणक्यापाशी (पाठीचा बारावा मणका, कमरेच्या जरा वर) अडकली, ती अजून तिथेच आहे. काढायला गेलं तर जास्त इजा होईल, असं डॉक्टर म्हणाले. चौदा महिन्यांनी मी व्हीलचेअरवर बसून कार्यालयात रुजू झालो. आज त्याला सात वर्षं होत आली.

राजीनामा नको म्हणतो, त्याला कारण आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 20 वाचा. सरकारी आस्थापनेतल्या माणसाला नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर त्याला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. तसं पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर जागांपेक्षा जादा पद निर्माण करून त्यावर ठेवायचं, योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत. कायद्याने स्थापन झालेली महामंडळंही यात येतात, म्हणजे एसटीसुद्धा. पण माणसाने स्वतःच सही करून नोकरी सोडली, तर पुढे भांडायला हातात फार काही उरत नाही. मलाही वॉर्डात कुणीतरी भल्यासाठीच असा कागद आणून दिला होता. वडिलांनी तो माझ्यापर्यंत येऊच दिला नाही.

तेव्हा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा, मेडिकल बोर्डाचं प्रमाणपत्र घ्या, ‘पर्यायी पद मिळावे’ असा अर्ज डेपोत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तोंडी बोलण्यावर राहू नका. दाद लागली नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते.

आता जे कुणी उघडपणे बोलत नाही ते. पाय चालत नाहीत म्हणून काम अडत नाही, वाहकाला टेबलाचं काम सहज जमेल. अडतं ते लघवी, शौच आणि कातडी या तिघांपाशी. मला दर चार ते सहा तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते. रुजू झालो तेव्हा कार्यालयातल्या संडासाला वर चढायची पायरी होती आणि दार अरुंद. मागायची लाज वाटली, म्हणून मी सकाळपासून पाणीच प्यायचं बंद केलं. तिसऱ्या आठवड्यात हुडहुडी भरून ताप आला, लघवीचा संसर्ग झाला आणि पुन्हा नऊ दिवस दवाखान्यात काढले. ती लाज मला फार महागात पडली. भावाला ती बाळगू देऊ नका.

शौचाची वेळ बांधून घ्यायला मला चार महिने लागले. रोज पहाटे साडेचार. ती बसेपर्यंत कामावर जाऊ नका, कारण पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर कपडे खराब झाले तर माणूस पुन्हा घराबाहेर पडत नाही. आणि बैठकीखाली चांगली उशी हवीच. खाली दुखलेलं कळत नाही, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायचं. मी मोबाईलवर गजर लावतो. एक बेडसोर, म्हणजे सतत दाब पडून होणारी जखम, झाली की महिनोन् महिने पालथं पडून राहावं लागतं.

भावाला सगळे मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण देत असतील. या जवानाला 1965 च्या युद्धात कण्यात गोळी लागली आणि त्यांनी 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये (दिव्यांगांच्या ऑलिम्पिकमध्ये) पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. मलाही सगळ्यांनी तेच ऐकवलं आणि पडल्या पडल्या त्याचं ओझंच वाटायचं. पुढे कळलं की त्यांनी पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) नोकरीही केली. मला बळ मिळालं ते त्या नोकरीच्या गोष्टीने. पदक माझ्या आवाक्यातलं नव्हतं, हजेरीपत्रक होतं.

पहिला महिना मला कुणी कामच दिलं नाही. सगळे मायेने वागायचे, चहा हातात आणून द्यायचे, ‘तू बस निवांत’ म्हणायचे. तो महिना दवाखान्यापेक्षा वाईट गेला. शेवटी मी बारनिशी मागून घेतली. आवक-जावक नोंदवायला लागलो. एकदा एका पत्राचा जावक क्रमांक चुकला आणि हेडक्लार्क सगळ्यांदेखत माझ्यावर ओरडले. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, आज मला बोलणी बसली. बोलता बोलता दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी दिवसांनी कुणी मला कामाचा माणूस समजून बोललं होतं.

भावाला घाई करू नका. सुरुवातीला अर्धा दिवस मागा. पायांना स्पर्श कळत नसला तरी इजा झालेल्या नसांमुळे आग होते, ती दुपारनंतर वाढते. पण तुम्ही स्वतः याच आठवड्यात टेप घेऊन डेपोत जा. त्याच्या खुर्चीची रुंदी मोजून न्या आणि तिथल्या संडासाच्या दाराची मोजा. उतार करायला जागा आहे का बघा: एक फूट उंचीला किमान बारा फूट लांबी लागते. ती मापं अर्जात लिहा. गोळी कोणत्या मणक्याजवळ लागली आणि खाली थोडीतरी संवेदना आहे का, हे इथेच कळवा, म्हणजे पुढचं त्याप्रमाणे सांगतो.