गुडघ्याला घड्याळ कळतं?

"मॅडम, अफू एकदम बंद केली तर माणूस दगावतो म्हणतात. खरंय का?"

इंदूरला माझ्याकडे हा प्रश्न सतत येतो. कधी बायको विचारते, कधी सून, कधी स्वतः खाणारा. दारूबद्दल मात्र कुणी विचारत नाही. विचारायला तिथेच हवं, कारण रोजची दारू झटक्यात तोडली तर आकडी येऊन जीव जाऊ शकतो. अफूची उतरण माणसाला अर्धमेलं करते; धडधाकट माणसाला सहसा मारत नाही.

अफू खाणाऱ्या एका काकांना घेऊन काकू आल्या, त्यांना मी हे पहिल्याच भेटीत सांगितलं. त्यांना पटलं नाही, कारण त्यांनी एकदा अफूची डबी लपवून पाहिली होती. "तिसऱ्या दिवशी नाकडोळे गळत होते, जुलाब, अंगावर काटा, पाय नुसते झाडत होते. शेवटी मीच हाताने गोळी दिली." हे सांगताना त्या नवऱ्याकडे बघत नव्हत्या. दुसरा-तिसरा दिवसच सगळ्यात वाईट असतो, पुढे आठवडा-दहा दिवसांत उतार पडत जातो. नेमक्या घाटमाथ्यावरून त्या मागे फिरल्या होत्या, आणि अपराधीही त्यांनाच वाटत होतं.

काका धान्यमंडीत आडतीचे हिशेब लिहिणारे, साठीच्या आसपासचे. (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) आठेक वर्षांपूर्वी गुडघा धरला आणि मंदसौरकडच्या कुणीतरी मुगाएवढी गोळी हातावर ठेवली. मंदसौर-नीमचला खसखशीचं पीक सरकारी परवान्यावर निघतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोंडांना चिरा देऊन चीक, म्हणजेच अफू, काढतात आणि तो सगळा सरकारजमा करायचा असतो. वाटेत थोडा सांडतो, तो अशा डब्यांमध्ये जातो. मुगाची गोळी हरभऱ्याएवढी झाली होती. सकाळी सहाला एक, संध्याकाळी सहाला एक.

"मी नशा करत नाही, औषध घेतो," काका म्हणाले.

मी वाद घातला नाही. पोट आठवड्यातून दोनदा साफ होत होतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या, पण ते सगळं काका वयावर ढकलत होते. उपदेश तर घरात भरपूर झाला होता. माणसाच्या बालपणात खोदत बसणारी मी नव्हे, माझा विश्वास नोंदींवर. हिशेबनीसाला मी कोरी वही दिली आणि तीन रकाने आखून दिले: किती वाजता दुखलं, त्याआधी काय केलं, दहापैकी किती दुखलं. गोळीला हात लावायचा नाही, नेहमीसारखीच घ्यायची.

तीन आठवड्यांनी वही आली. अक्षर मोत्यासारखं. पहिला रकाना मोठ्याने वाचा म्हटलं.

"साडेचार. पहाटे साडेचार. दुपारी पावणेपाच. पहाटे चार..."

रविवारी काका जिना उतरलेच नव्हते, तरी साडेचार. भाचीच्या लग्नात सकाळपासून उभे होते, दुपारी दोनला काही नाही. साडेचारला आठ.

"काका, गुडघ्याला घड्याळ कळतं?"

पंख्याने पान उडत होतं, ते त्यांनी अंगठ्याने दाबून धरलं. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "म्हणजे हे गुडघ्याच्या खात्यावर चुकीचं नावे पडलंय."

इतकी वर्षं हेच समजावत आलेय, पण असं नेमकं मला कधी सांगता आलं नाही. (वही माझी होती, एवढं श्रेय घेते.) वेदना शमवणारी रसायनं आपला मेंदू स्वतः बनवतो. बाहेरून रोज अफू आली की ती सगळी व्यवस्था सुस्तावते, आणि गोळीचा अंमल ओसरला की साधी कळही मोठी होऊन येते. पुढची गोळी मागच्या गोळीने आणलेलं दुखणं मिटवते. खाणाऱ्याला वाटतं, गुडघा बरा झाला.

मनाचंही तसंच. काकू म्हणाल्या, "दीर गेले तेव्हा यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं." काका एवढंच म्हणाले, "कळत होतं. आत पोचत नव्हतं."

घरच्यांनो, डबी लपवू नका. साठीचा माणूस, त्यात रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं तर प्रकरण हाताबाहेर जातं. मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्यांवर उतरण बरीच सुसह्य होते, पण त्या डॉक्टरांच्या हातूनच. खरा धोका तर पुढे आहे: महिना-दोन महिने सोडल्यावर कुणी जुन्याच मापाची गोळी घेतली तर शरीराला ती पेलत नाही, श्वास मंदावत जाऊन थांबू शकतो. तेव्हा घसरलाच तर ओरडू नका, बेशुद्ध वाटला तर आधी दवाखाना गाठा. आणि पोलिसांची भीती: १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात, आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देणारं ६४-अ कलम आहे. कुठे जायचं ठाऊक नसेल तर १४४४६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे.

काकांना पाच महिने लागले. मधे एकदा घसरलेही. झोप सगळ्यात उशिरा आली. एका रात्री भावाचा जुना फोटो काढून हुंदके देऊन रडले, तेव्हा काकू घाबरून मला फोन करत होत्या. मी म्हटलं, रडू द्या.

वही अजून चालू आहे. मागच्या भेटीत शेवटची ओळ दाखवली: "जिना दोनदा. उजवा गुडघा दुखला. तीन." वेळेचा रकाना रिकामा होता.

"वेळ राहिली लिहायची," काका म्हणाले.