अमॅरिलिसचा पहिला कंद लावताय? एवढं सांभाळा

कंद दाबून बघ, टणक लागला तर निम्मं काम झालं. पूर्ण गाडू नकोस, वरचा साधारण एक तृतीयांश भाग मातीबाहेर राहू दे. नव्या लोकांचा कंद बहुतेक वेळा पाण्यानेच सडतो, त्यामुळे कोंब दिसेपर्यंत माती नुसती ओलसर पुरे आणि पाणी डोक्यावर न ओतता कडेने घाल.

खताची घाई नको. पानं फुटली की दर 15 दिवसांनी लिक्विड खत, तेही पाकिटावरच्या प्रमाणाच्या अर्धं.

आणि फुलं गेली की फक्त दांडा काप, पानं प्लीज कापू नकोस, मी पहिल्या वर्षी कापली आणि पुढच्या सीझनला नुसती दोन मरतुकडी पानं आली, कारण पुढच्या फुलांचं जेवण तीच कंदात भरत असतात. कंदाला विश्रांती वगैरे द्यायचं नंतर बघू. कंदाच्या शेंड्यातून चपटी हिरवी चोच डोकावली की कळी आली समज, फोटो नक्की टाक!