टेक्सासमधली रायफल कॅलिफोर्नियात नेता येईल का?

प्रश्न : मी ऑस्टिनला राहतो, ग्रीन कार्ड आहे. इथे रीतसर घेतलेली एआर-१५ पद्धतीची सेमी-ऑटोमॅटिक रायफल आहे. बॅरल (नळी) १४.५ इंची, तोंडाशी वेल्ड केलेला फ्लॅश हायडर (गोळीची ज्वाळा झाकणारा भाग). नोकरीसाठी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टला जातोय. हायडर कापून मझल ब्रेक (बंदुकीचा धक्का कमी करणारा भाग) लावला तर चालेल का? सोबत फोटो पाठवतोय.

उत्तर : चालणार नाही. आणि कृपा करून त्या हायडरला हातही लावू नका. पक्का वेल्ड असल्यामुळे तो बॅरलच्या लांबीत धरला जातो, म्हणूनच ती कायद्याला लागणारे १६ इंच भरते. तो कापला की रायफल आखूड बॅरलची ठरते. १९३४ च्या केंद्रीय कायद्यानुसार आधी मंजुरी घेतल्याशिवाय अशी रायफल बनवणं हा गुन्हा आहे. म्हणजे टेक्सास सोडण्याआधीच तुम्ही अडकाल.

कॅलिफोर्नियात दंडसंहितेचं कलम ३०५१५ लागू होतं. सेंटरफायर (तुमच्यासारख्या, काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर आघात होणाऱ्या) सेमी-ऑटोमॅटिक रायफलचं गोळ्यांचं मॅगझिन सुटं निघत असेल, तर फ्लॅश सप्रेसर (म्हणजे तुमचा हायडर), पिस्तूल ग्रिप (पिस्तुलासारखी मूठ), मागेपुढे सरकणारा दस्ता यांपैकी एक जरी असलं तरी ती 'असॉल्ट वेपन' होते. तुमच्या फोटोत तिन्ही दिसतात, त्यामुळे नुसतं तोंड बदलून भागत नाही. शिवाय दुकानदार ज्याला 'ब्रेक' म्हणून विकतो, तो गोळीची ज्वाळा जाणवण्याइतकी कमी करत असेल तर तिथल्या नियमांत तोही सप्रेसरच. काही मॉडेलांवर तर नावानिशी बंदी आहे. रिसीव्हरवरचं (रायफलच्या मधल्या मुख्य भागावरचं) नाव वाचून बघा.

अशी रायफल राज्यात आणल्यास ४, ६ किंवा ८ वर्षांची कैद होऊ शकते. मला मात्र जास्त काळजी तुमच्या ग्रीन कार्डची वाटते. बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी ठरलेल्या परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढण्याची तरतूद आहे, आणि शिक्षा किती झाली याला तिथे महत्त्व नसतं. सिटिझनशिप मिळालेल्या एखाद्या मित्राने काय केलं, ते तुम्हाला लागू पडत नाही.

तेव्हा रायफल टेक्सासमधल्याच परवानाधारक डीलरमार्फत विकून टाका. १० पेक्षा जास्त गोळ्यांची मॅगझिनं किंवा सायलेन्सर असतील तर तेही सामानात नकोत. नेमबाजीची आवड असेल तर फ्रीमॉन्टला गेल्यावर बोल्ट-ॲक्शन (दर गोळीला हाताने खटका ओढावा लागणारी) रायफल घ्या. दुसरी एखादी कायदेशीर बंदूक नेणार असाल, तर पोहोचल्यापासून ६० दिवसांत राज्याच्या न्याय विभागाकडे तिची नोंद करा.