खोटं सांगून आणलेला हुकूम पाळायचा का?

प्रश्न : आमच्या वाडीची जुनी वाट शेजारच्या जमिनीतून जाते. नव्या मालकानं ‘इथे वाट कधी नव्हतीच’ असं सांगून कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला आणि तारेचं कुंपण घातलं. मुलगा म्हणतो, खोट्यावर मिळालेला हुकूम पाळणं ही लाचारी. रात्री जाऊन तार कापू. त्याला काय सांगू?
– एक वाचक, संगमेश्वर तालुका

उत्तर : कोर्टात बेलीफ म्हणून माझी एकतीस वर्षं गेली. असे हुकूम बजावत मीच फिरलो. पिशवीत कागद, खळीचा डबा आणि पंचांच्या सह्यांसाठी पेन. एका गावात म्हाताऱ्यानं दारावर कागद चिकटवू दिला, वर चहा पाजला आणि म्हणाला, ‘‘कागद खोटा आहे, पण फाडणार नाही. उद्या माझा कागद त्याच्या दाराला लागायचाय.’’

एवढ्यानं तुमच्या मुलाचं समाधान होणार नाही. लाचारी हा शब्द त्यानं उगाच वापरलेला नाही. म्हणून महाडचं सांगतो.

चवदार तळं नगरपालिकेनं १९२४ मध्येच अस्पृश्यांना खुलं केलं होतं, पण कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्यावर गेली, पाणी प्यायली, आणि त्यांना मार खावा लागला. डिसेंबरात पुन्हा जायचं ठरलं. तोंडावर, १४ डिसेंबरला, विरोधकांनी दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. दावा काय, तर तळं खाजगी आहे! परिषदेला जमलेली माणसं तुरुंगात जायला तयार होती. कलेक्टर येऊन समजावून गेले. खूप वाद झाला आणि शेवटी बाबासाहेबांनी पाणी घेणं पुढे ढकललं. माणसं तळ्याला वळसा घालून परत आली.

मात्र त्याच परिषदेत, २५ डिसेंबरला, त्यांनी मनुस्मृती जाळली. एक कायदा जाळला, एक हुकूम पाळला. मला वाटतं, फरक दाद मागण्याचा आहे. कोर्टाच्या हुकमावर अर्ज करता येतो, अपील करता येतं. मनूपुढे शूद्रानं कुठला अर्ज करायचा? शिवाय गाव अंगावर येतं तेव्हा दुबळ्याच्या हाती सरकारशिवाय दुसरं असतं काय?

हे स्वस्तात पडलं नाही. हायकोर्टाचा निकाल बाजूनं लागला तो १७ मार्च १९३७ ला. तळ्याच्या काठावर राहून दहा वर्षं! हा हिशेब आठवला की मला अजून राग येतो, आणि मी तर कोर्टाचाच माणूस.

उघडपणे कायदा मोडायचा मार्गही आहे. १९२२ मध्ये अहमदाबादच्या कोर्टात गांधींनी गुन्हा कबूल केला, जास्तीत जास्त शिक्षा द्या म्हणाले, सहा वर्षं घेतली. मुलाची तेवढी तयारी असेल तर त्यानं दिवसाढवळ्या, नाव सांगून तार कापावी; मी त्याला लाचार म्हणणार नाही, चोरही म्हणणार नाही. हुकूम मोडल्याबद्दल मिळकत जप्त होऊ शकते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते, हे आधी सांगून ठेवा. रात्री कापलेल्या तारेचा उपयोग फक्त समोरच्या वकिलाला.

तेव्हा आधी हुकमाची नक्कल काढा. तुम्हाला न ऐकताच तो दिला असेल, तर मालकाच्या मनाईच्या अर्जाचा निकाल तीस दिवसांत लावायचा प्रयत्न कोर्टानं करावा, असं दिवाणी संहिता सांगते. हुकूम रद्द करण्यासाठीही तुम्हाला अर्ज करता येतो. गावचा नकाशा काढा. वाट त्यावर दाखवलेली असेल तर फार चांगलं. त्या वाटेनं लग्न होऊन आलेल्या म्हाताऱ्या बायकांची प्रतिज्ञापत्रं करा. वाटेचे फोटोही काढा, पावसाळ्याआधी, गवतानं माग झाकायच्या आत. फोटो बाहेरून काढा, कुंपणाला हात लावू नका.