नव्या शिक्षकांनो, हात लावण्याआधी

चापटी, कान पिळणं, उठाबशा यांत ‘हलकं’ काही नसतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही मनाई करतं. पालक ‘बिनधास्त मारा’ म्हणाले, तरी त्या परवानगीला काडीची किंमत नाही.

खरी गफलत होते ती मदत करताना. गुडघा फुटलाय? दार उघडं ठेवा, दुसऱ्या कुणाला बोलवा, ‘इथे पुसू का?’ विचारा, मगच कापूस लावा. मारामारी सोडवताना दंड धरा, मान किंवा केस नाही. मुलं वेगळी झाली की लगेच सोडा. वेळ, जागा, कुठे धरलं, कोण हजर होतं हे त्याच दिवशी लिहून मुख्याध्यापकांची सही घ्या. आठवड्यानं केलेली नोंद सारवासारव वाटते.

पॉक्सो म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा. त्याखाली शाळेच्या कर्मचाऱ्यानं लैंगिक हेतूनं स्पर्श केला तर 5 ते 7 वर्षं कैद. हेतू नव्हता हे कलम 30 नुसार आरोपीनंच सिद्ध करायचं. सहकाऱ्याबद्दल तसं काही कळलं तर मुख्याध्यापकांना सांगून थांबू नका. कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं तुमच्यावरही बंधनकारक आहे. ‘आधी आपली चौकशी करू’ म्हणत शाळा इथेच अडकतात. कर्मचाऱ्याचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला 1 वर्षापर्यंत कैद होऊ शकते.