‘शाश्वत शिकार’ की ‘कळप राखून शिकार’?

प्रश्न असा आहे: वन्यजीव व्यवस्थापनावरच्या लेखाचा अनुवाद करताना ‘सस्टेनेबल हंटिंग’ला ‘शाश्वत शिकार’ म्हटले तर चालेल का?

माझ्या मते चालू नये. ‘शाश्वत विकास’ रुळला म्हणून ‘शाश्वत’ कुठेही जोडता येईल असे नाही. मराठीत ‘शिकार’ म्हणजे मारण्याची क्रिया आणि मारलेले जनावरही; ‘आज शिकार मिळाली नाही’ असे आपण सहज म्हणतो. त्यामुळे ‘शाश्वत शिकार’ वाचले की एकतर कधीच न थांबणारी शिकार डोळ्यांपुढे येते, नाहीतर हमखास हाती लागणारे सावज. मूळ कल्पनेत टिकायचा असतो तो कळप, आणि शिकार त्याच्या बेताने करायची असते. म्हणून शिकारीला विशेषण चिकटवण्यापेक्षा कळपाचेच नाव घ्यावे: ‘कळप राखून शिकार’. शेतकरी आधी बी राखतो आणि मग उरलेले धान्य खातो. ‘राखणे’ या क्रियापदात तो हिशेब आपोआप येतो.

‘मर्यादित शिकार’ किंवा ‘नियंत्रित शिकार’ हे पर्याय चूक नाहीत, पण मर्यादा कशासाठी हे त्यांतून कळत नाही. राजांच्या राखीव रानांतली शिकारही मर्यादितच होती. ती मर्यादा कोणी मारावे याची होती.

‘संख्या राखून’ अर्थाच्या बरेच जवळ जाते. तरी नुसत्या संख्येने भागत नाही. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात राम माउंटन नावाचा डोंगर आहे. तिथल्या रानमेंढ्यांपैकी मोठ्या शिंगांचे नर वर्षानुवर्षे निवडून मारले गेले, आणि पुढच्या पिढ्यांत शिंगे लहान होत गेल्याचे संशोधकांनी नोंदवले. सिंहांचे तर आणखी नाजूक आहे. कळपातला नर मेला की नवा नर येतो आणि बहुधा आधीचे बछडे मारून टाकतो. एका गोळीमागे किती जीव जातात हे गोळी झाडणाऱ्याला दिसतही नाही. म्हणून, बछडे मोठे होईपर्यंत नराला वेळ मिळावा यासाठी, टांझानियात आणि मोझांबिकच्या नियासा अभयारण्यात सहा वर्षांखालचा सिंह मारू नये असा नियम करण्यात आला. वय, लिंग, विणीचा काळ, कळपातले स्थान हे सगळे ‘कळप राखून’मध्ये मावते. अस्वलासारख्या एकट्या राहणाऱ्या प्राण्यासाठी मात्र ‘कळप’ शोभणार नाही. तिथे ‘वंश राखून’ लिहावे. पक्ष्यांसाठी ‘थवा राखून’.

याच्या उलट अर्थाचा शब्द मराठीत फार नेमका आहे: बेसुमार. ज्याला सुमार नाही, मोजदाद नाही, ते. उत्तर अमेरिकेतले प्रवासी कबूतर बाजारासाठी असेच बेसुमार मारले गेले. शेवटचा पक्षी १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला.

अशा लेखात आणखी एक इंग्रजी शब्द हमखास अडवतो, ‘कलिंग’, म्हणजे प्राण्यांची संख्या कमी करण्यासाठी ठरवून मारणे. जिथे लांडग्यांसारखे शत्रू उरलेले नाहीत तिथे हरणे वाढतात, रोपटी खुडतात आणि नवे जंगल उभे राहत नाही. स्कॉटलंडमध्ये तांबड्या हरणांच्या बाबतीत हेच घडते. तेव्हा हेतू कळप आहे तेवढा राखण्याचा नसतो, संख्या उतरवण्याचा असतो. म्हणून तिथे ‘संख्या उतरवण्यासाठी शिकार’ असे स्पष्ट म्हणावे. शिवाय नर मारून ही संख्या फारशी उतरत नाही, कारण एक नर अनेक माद्यांना पुरतो. माद्याच माराव्या लागतात. अनुवादात ‘हरणे’ एवढेच लिहून ‘माद्या’ गाळल्या तर मूळ मुद्दाच गळतो.

इंग्रजीत व्यवस्थापक मारलेल्या जनावरांना ‘हार्वेस्ट’ म्हणतात. त्याचे ‘कापणी’ किंवा ‘उत्पन्न’ करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ‘या हंगामात इतकी हरणे मारली’ असेच लिहावे. ज्याला शिकार योग्य वाटते त्यालाही जीव गेल्याचे शब्दांत दिसले पाहिजे, आणि ज्याला ती अयोग्य वाटते त्याच्यापासून ते लपवू नये.

राहिला अनुवादित लेखाच्या शीर्षकाचा प्रश्न. ‘वन्यजीव व्यवस्थापनाचे साधन’ टाळावे, कारण शिकारीचे साधन म्हटले की बंदूक किंवा फासा आठवतो. ‘कळप राखून शिकार: वन्यजीव व्यवस्थापनाचा एक उपाय’ असे शीर्षक मी देईन. ‘पोचिंग’साठी ‘चोरटी शिकार’ रूढ आहे, ते तसेच ठेवावे.